स्थिर केलेला कॉम्प्युटर

त्या संध्याकाळी समोरच्या वहिनींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांची रांग जिन्याच्या वळणापर्यंत गेली होती. मी माझ्या चपला माझ्याच दारात काढल्या, कारण सर्वांत जवळची रिकामी जागा तीच होती. एरवी या घराकडे कुणी फिरकत नसे. वहिनींचे यजमान गेले तेव्हाही अर्धी इमारत खालीच हळहळून परतली होती, कारण लिफ्ट बंद होती. लिफ्ट आजही बंदच होती. पण आज चमत्कार होता, आणि चमत्कारासाठी माणूस गुडघे विसरतो.

खोलीच्या मधोमध टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या केबलला पांढरी फीत बांधलेली. समोर खुर्चीत वहिनी. मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्याला नाक लागेल इतकं जवळ बसावं लागे. आणि शेजारी, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभा होता स्थिरगुरू.

हे नाव लोकांनी दिलं होतं. कॉम्प्युटर ‘स्थिर’ करून देणं हा त्याचा धंदा. म्हणजे काय करायचा? ब्राउझरचं आपोआप होणारं अपडेट बंद करायचा. एवढंच. पण एवढंच सांगितलं तर पाकीट कोण देणार?

“अपडेट म्हणजे काय हो, चेअरमनसाहेब?” त्याने विचारलं.

आमचे चेअरमन पुढच्याच स्टुलावर होते. “नवीन काहीतरी येतं.”

“येतं. आणि बसतं कुठे?”

“कुठे म्हणजे... आत.”

“जुन्याच्या जागेवर! जुनं पुसलं की नवं बसतं. आता सांगा, गेलेलं माणूस जुनं की नवं?”

“जुनं,” खोली एका सुरात म्हणाली.

“मग अपडेट कोणाला पुसतं?”

कोणीतरी ‘अगंबाई’ म्हणालं. एका बाईंनी आपला मोबाइल पदराखाली लपवला. मीसुद्धा खिशातला फोन चाचपला, हे कबूल करतो. बोलण्यात माणसाच्या जोर होता.

बाहेर दिवेलागण झाली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक पांढरी पट्टी सरकत वर आली. तिच्यावर यजमानांचं नाव आणि खाली दोनच शब्द:

‘जेवलीस का?’

खोलीने श्वास आत घेतला. चेअरमन पुटपुटले, “नकाशेकाकांचेच शब्द! अगदी त्यांचाच आवाज कानात आला.”

नकाशेकाका म्हणजे वहिनींचे यजमान. सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढायचे, म्हणून ते नाव. चेअरमनांचं त्यांच्याशी आयुष्यात एकदाच संभाषण झालं होतं, पाण्याच्या टाकीवरून, आणि त्यात काका काही बोलले नव्हते. पण तेव्हा हे कोण सांगणार?

वहिनी पडद्याकडे झुकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “आता घेते हो वाढून.”

लोक हात जोडून पांगले. वहिनींनी वाढून घेतलं की नाही, हे बघायला कुणी थांबलं नाही.

हे सुरू कसं झालं, ते सांगतो. माझं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. कुठे काय जमा झालं आणि त्याच वेळी कुठून काय गेलं, हे बघायची खोड सुटत नाही. यजमान गेल्यावर वहिनी रोज तो कॉम्प्युटर उघडून बसत. काकांनी ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर आपल्या आवडीची पानं ओळीने लावून ठेवली होती. वहिनी त्यातलं एखादं उघडत, बघत, बंद करत. एक दिवस ब्राउझर आपोआप अपडेट झाला. रंग बदलला, बटणं हलली आणि काकांची ती पट्टी दिसेनाशी झाली. वहिनी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, “भाऊजी, कोणीतरी यांचं कपाट आवरून टाकलं हो.” मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. मी “बघू” म्हणालो. ‘बघू’ हा शब्द मी आयुष्यात फार खर्च केला आहे.

चेअरमनांनी मात्र बघितलं. ते स्थिरगुरूला घेऊन आले. त्याने दार लावून काहीतरी केलं, मग चारचौघांसमोर वहिनींना विचारलं, “काका तुम्हाला नेहमी काय म्हणायचे?” वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “जेवलीस का, असं विचारायचे.” दुसऱ्या संध्याकाळी काका पडद्यावर हजर.

मग आले नियम. कॉम्प्युटर कधी बंद करायचा नाही. ब्राउझर मिटायचा नाही. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गुरूने एक गोल स्टिकर चिकटवला होता, तो काढायचा नाही. आणि दिवेलागणीला वहिनींनी स्वतः समोर असलंच पाहिजे. “एक संध्याकाळ चुकली, की वाट तुटली. मग माझ्याही हातात नाही.” महिन्याला एकदा स्थिरता तपासायला तो यायचा आणि पाकीट घेऊन जायचा.

पाकिटाचं मला फार वाटत नव्हतं. मला भीती होती वहिनींच्या डोळ्यांची. डॉक्टरांनी बजावलं होतं: उजव्या डोळ्यातला दाब वाढतोय, मोतीबिंदू आता काढायलाच हवा; गेलेली नजर परत आणता येत नाही. ऑपरेशननंतर एक रात्र दवाखान्यात राहायचं होतं. म्हणजे एक संध्याकाळ कॉम्प्युटरसमोर नाही. वहिनींनी पहिली तारीख मोडली. दुसरी सोमवारची होती. तीही मोडायला त्यांनी मलाच फोन लावायला सांगितला, कारण फोनवरचे आकडे त्यांना दिसत नव्हते.

मी फोन लावला. फक्त दवाखान्याला न लावता त्यांच्या भाचीला लावला.

भाची शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी दुपारी आली, पिशवी टेकवली आणि म्हणाली, “मावशी, नजर घालवून बसणार आहेस का?”

“ते येतात गं रोज.”

“मग मलाही भेटू दे. काका माझ्याशी कधी बोललेच नाहीत.”

तिने पडद्याचा स्टिकर नखाने उचलला. वहिनी किंचाळल्याच. त्या आवाजाने शेजारपाजार गोळा झाला; चेअरमनांनी गुरूला फोन केला, आणि गुरू जवळपासच कुणाचा तरी कॉम्प्युटर स्थिर करत होता, तो धापा टाकत आला.

स्टिकरखाली एक लाल खूण होती. ब्राउझर आपला बिचारा कधीपासून ओरडत होता की मी फार जुना झालोय, मला अपडेट करा. त्याच्या तोंडावर गुरूने पट्टी मारली होती.

“हात लावू नका!” गुरू दारातूनच म्हणाला. “अविश्वासाने ते दुखावतात.”

“दुखावले तर पट्टीवर तसं लिहून येईल की,” भाची म्हणाली आणि माऊस सरकवला. “हे बघा सगळे. ब्राउझरला बाहेरून जोडलेला हा छोटा प्रोग्रॅम, एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. यात तीन रकाने आहेत. पहिल्यात नाव. दुसऱ्यात वेळ. तिसऱ्यात काय म्हणायचं ते.”

तिने तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं, वेळ आत्ताची केली आणि हात बाजूला घेतला. कोपऱ्यातून पट्टी सरकत वर आली. काकांचं नाव, आणि खाली:

‘चेअरमन, टाकी धुवा.’

आधी एकच जण हसला. मग जिना हसला. चेअरमनांना हसावं की उठावं कळेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

“आता अपडेट का बंद केलं तेही ऐका,” भाची म्हणाली. “असली जुनी, संशयास्पद एक्स्टेन्शनं नवा ब्राउझर चालू देत नाही. म्हणजे अपडेट काकांना पुसणार नव्हतं. यांना पुसणार होतं. कॉम्प्युटर बंद करू नका, ब्राउझर मिटू नका, मावशीने हलू नये, सगळं त्यासाठी. कोणी तो नव्याने उघडायला नको! आणि हे एक्स्टेन्शन मावशी जे जे टाइप करते ते सगळं वाचू शकतं. पासवर्डसुद्धा.”

पदराखाली मोबाइल लपवणाऱ्या बाई गुरूपासून दोन पावलं सरकल्या. पण गुरू कच्चा नव्हता.

“ताई, यंत्र हे माध्यम आहे,” तो मऊ आवाजात म्हणाला. “तारेतून वीज येते म्हणून वीज तारेची होत नाही. तुम्ही टाइप केलंत ते तुमचं. संध्याकाळचे शब्द कोणाचे? मी काकांना कधी पाहिलंही नाही. मला काय ठाऊक ते बायकोशी काय बोलायचे?”

“हा मुद्दा आहे,” चेअरमन म्हणाले. त्यांना कोणताही मुद्दा चालला असता.

ते शब्द त्याने वहिनींकडूनच चारचौघांत काढून घेतले होते, हे कुणाला आठवलं नाही. माणसं पुन्हा डळमळली. मी पाहत होतो: एवढं उघडं दाखवूनही अर्धे चेहरे परत मागे निघाले होते. ज्याला परतायचंच आहे त्याला एवढीशी फट पुरते.

“वहिनी, तुम्हीच सांगा,” चेअरमन म्हणाले. “काकांचेच शब्द ना?”

वहिनींनी स्टिकर हातात घेतला होता. तो त्या बोटावर चिकटवत होत्या, काढत होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.

गुरूच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं.

“यांनी मला कधीच विचारलं नाही. जन्मात नाही. यांचं बोलणं वाटीचं. वाटी पुढे सरकवली की भाजी हवी, पालथी घातली की पुरे. जेवण झालं की हात धुऊन नकाशांत डोकं. वाईट नव्हते हो. मारलं नाही, रागावले नाहीत. नुसतं बोलत नसत.” त्यांनी स्टिकर पुन्हा बोटावर दाबला. “मग या गृहस्थांनी चारचौघांसमोर विचारलं, काय म्हणायचे? काय सांगू? काही नाही म्हणायचे, असं सांगू? एवढा संसार करून? म्हणून मनात आलं ते बोलून गेले.”

“आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर तेच आलं,” भाची हळूच म्हणाली.

“तेच आलं. मला वाटलं, मी खोटं बोलले ते यांनी वरून ऐकलं असेल. लाजले असतील. मेल्यावर सुधारले असतील.”

या वेळी कोणी हसलं नाही.

भाची खुर्चीजवळ खाली बसली. “मावशी, तू बनवलेलं हे वाक्य काकांना माहीत नव्हतं. मला नव्हतं. तू कोणाला सांगितलंस?”

“याच गृहस्थांना.”

“मग ते कॉम्प्युटरमध्ये कोणी नेलं?”

वहिनींनी मान वळवली. त्यांना धूसर पांढरा सदरा तेवढा दिसत असणार. “तोंड दिसत नाही तुमचं,” त्या गुरूला म्हणाल्या, “पण कुठे उभे आहात ते कळतंय.”

गुरूने ‘संस्कार नाहीत’ वगैरे काहीतरी म्हटलं आणि तो निघाला. एवढ्या चपलांतून स्वतःचे बूट शोधायला त्याला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

अपडेटचं बटण वहिनींनीच दाबलं. भाचीने बोट जागेवर नेऊन ठेवलं इतकंच. निळी रेघ भरत गेली, ब्राउझर मिटला आणि पुन्हा उघडला. ‘हे एक्स्टेन्शन बंद करण्यात आले आहे’ अशी एक साधी ओळ आली. मग भाचीने एका ठिकाणी टिचकी मारली, आणि काकांची हरवलेली पट्टी वर जशीच्या तशी उमटली. ती पुसली गेलीच नव्हती, अपडेटमध्ये लपली होती. एका टिचकीचं काम. त्या दिवशी मी ‘बघू’ न म्हणता कोणालातरी विचारलं असतं, तर गुरूला इमारतीचा जिनासुद्धा दिसला नसता.

भाचीने ती पानं एकेक वाचून दाखवली. नद्यांचे नकाशे, रस्त्यांचे नकाशे, एक बुद्धिबळाचं पान, पुन्हा नकाशे. वहिनी शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं.

भाची सामान आणायला बाहेर गेली. दिवेलागणीला मी दार उघडं ठेवून बसलो होतो. समोर वहिनी सवयीने खुर्चीत येऊन बसल्या. पडद्याचा उजेड त्यांच्या कपाळावर होता. कोपऱ्यातून काही सरकलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि कॉम्प्युटर बंद केला. इतके महिने चालू असलेली त्याची घरघर थांबली, तेव्हा कळलं की ती माझ्याही घरात ऐकू येत होती.

सोमवारी ऑपरेशन झालं. उजवा डोळा वाचला.

आता हे वाचणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट. ब्राउझरचं अपडेट बंद करू नका. त्यात चोरवाटा बुजवलेल्या असतात. ज्याला त्या उघड्या हव्यात तोच तुम्हाला बंद करायला सांगतो. बटणं हलली तर माणसाला विचारा, चमत्काराला नको. आणि पडद्यावर, देव्हाऱ्यात, अंगात, कुठूनही शब्द आले, तर हात जोडण्याआधी एकच प्रश्न करा: हे आत कोणी घातलं?

हा प्रश्न वहिनींच्या मनात आता पक्का मुरला आहे. भाची परत गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी घरातल्या घरात बऱ्याच फेऱ्या मारल्या, मग समोरची बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं. फटीतून एक डोळा, अजून लालसर, पण स्वच्छ.

“वहिनी,” मी म्हणालो, “जेवलात का?”

त्या मला नीट न्याहाळत राहिल्या.

“कोणी टाइप करून दिलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही. माझं मीच.”

साखळी लगेच निघाली नाही. खात्री करून घ्यायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि तो त्यांनी घ्यायलाच हवा होता.