तियालची सही

तियाल आमच्या घरी आली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती आणि पाठीला चार वर्षांची लेक मोई बांधलेली होती. तिआऊ नदी आमच्या गावाखालूनच वाहते. पलीकडे म्यानमार. तिकडं लष्करानं निवडून आलेलं सरकार पाडलं, तेव्हापासून माणसं नदी ओलांडून येतच होती. त्यांची बोली आणि आमची मिझो निम्मीशिम्मी एकच. गावानं माणसं घराघरांत वाटून घेतली. मी गावची आशा कार्यकर्ती, घरात एकटी, म्हणून या दोघी माझ्याकडं आल्या.

तियाल शाळेत शिकवायची. तिकडच्या शेवटच्या निवडणुकीत एका केंद्रावरची मतं तिनं मोजली होती. ती मोजणी खोटी होती, असं लष्कराला तिच्याकडून लिहून हवं होतं. तिनं नकार दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला, लियानला, उचलून नेलं.

"सही करून मोकळं व्हायचं होतंस," मी एकदा म्हणाले.

"ऊ झुआली," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला ऊ म्हणायची. "चारशे बारा माणसं रांगेत उभी होती. माझी सासू काठी टेकत डोंगर उतरून आली होती. त्यांना मी खोटं कसं म्हणू?"

मला हसू आलं. "आम्ही दर पाच वर्षांनी रांगेत उभं राहतो. काय मिळालं?"

तियाल आली त्याच पावसाळ्यात माझी भावजय रिनपुई गेली. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, आणि दरड कोसळून रस्ता बंद. रुग्णवाहिका अकरा किलोमीटरवर थांबलेली. पोरांनी तिला बांबूच्या झोळीतून नेलं. मी शेजारून चालत होते, हातात हातमोजे आणि कात्री. सहाव्या किलोमीटरला मी पोरांना थांबायला सांगितलं. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाळही गेलं होतं.

नोव्हेंबरात आमची निवडणूक आली. आमच्याकडं प्रचाराला भोंगे नसतात. सगळे उमेदवार गावच्या सभागृहात एकाच बाकावर बसतात, बोलतात, मग लोक विचारतात. मी उठले. तियालनं मागून माझी शाल ओढली. "बस, ऊ! बस खाली!"

मी बसले नाही. आमदाराला म्हणाले, "गेल्या खेपेला याच बाकावर बसून तुम्ही रस्ता देतो म्हणालात. माझी भावजय त्या रस्त्यावर मेली. परत मत मागायला तोंड कसं उघडतं तुमचं?"

"पी झुआली, तुमचं दुःख ते माझं दुःख," आमदार म्हणाले. बाईमाणसाला मानानं पी म्हणतात. "प्रस्ताव वर गेलाय."

"कोणत्या वाटेनं गेला?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमच्या रस्त्यानं गेला असेल तर अजून चिखलातच असेल!"

सभागृह हसलं. आमदारही हसले. मला रडूसुद्धा आलं नाही.

घरी आले तर तियाल माझी पिशवी भरत होती. लोकरीचा स्वेटर, साबण, तापाच्या गोळ्या. "ते तुला उचलायला येतील," ती म्हणाली. "निदान अंगावर गरम असू दे." मोईला तिनं शेजारी पाठवून दिलं होतं.

चौथ्या दिवशी खरंच आमदारांचा माणूस आला. तियाल मागच्या दारानं बांबूच्या बेटात पळाली. तो चुलीपाशी बसला, चहा प्याला, "राग धरू नका, पी" म्हणाला आणि गेला.

तियाल परत आली. "काहीच केलं नाही त्यांनी तुला?"

"काहीच नाही."

"आणि रस्ता?"

"रस्त्याचंही काही नाही."

ती भरून ठेवलेली पिशवी रिकामी करू लागली.

आमदार पडले. तियालनं मला तीनदा विचारलं, "हरला आणि घरी गेला? सैन्य नाही बोलावलं?"

"त्याची सुपारीची बाग आहे. तिकडं गेला असेल."

हे ऐकून ती तोंडावर शाल घेऊन हमसून रडली. मला तेव्हा तिचा संताप आला होता. हिला हे सगळं सोन्यासारखं वाटतं आणि माझी रिनपुई मातीत आहे. नव्या आमदारानं एक खोदायचं यंत्र पाठवलं. त्यानं दोन दिवस डोंगर खरवडला, फोटो निघाले, यंत्र गेलं.

जानेवारीत पलीकडून निरोप आला. लष्कराला आता स्वतःची निवडणूक घ्यायची होती, त्याआधी जुनी खोटी ठरवायची होती. तियालनं येऊन सही केली तर लियानला सोडू.

मी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. "अगं, त्यांच्या शब्दाला काय किंमत?"

"ऊ, तुमच्याकडं ऐकून घेतात आणि करत नाहीत. आमच्याकडं ऐकतच नाहीत. मी इथं खरी राहून लियानला काय मिळतंय? दात पाडलेत म्हणे त्याचे." मग हळूच म्हणाली, "मी थकले गं."

फेब्रुवारीत नदीला गुडघाभरही पाणी नसतं. ती दिवसाउजेडी गेली. मोईला म्हणाली, "बाबांना घेऊन येते." पलीकडं पोचल्यावर तिनं वळून बघितलं नाही. मोई मात्र हात हलवत राहिली.

पलीकडून गुरं आणणाऱ्या एका माणसानं महिन्यानं सांगितलं. तिनं कॅमेऱ्यासमोर सही केली. ती झाल्यावर त्यांनी तिला सांगितलं, की लियान पावसाळ्यातच मेला. आणि तिला सोडलं नाही. कुठल्या तुरुंगात आहे, कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हापासून दर सोमवारी मी मोईला घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत जाते. तिच्या आईचा शोध घ्या, एवढंच मागते. तिथला साहेब चांगला आहे. मला खुर्ची देतो, मोईला बिस्कीट देतो. "पी, हे परदेशाचं प्रकरण. दिल्लीला कळवलंय," म्हणतो. मी टेबलावर हात आपटते, नको नको ते बोलते. कुणी मला हाकलत नाही. कारकून मान खाली घालून अर्जावर तारखेचा शिक्का मारतो.

गेल्या सोमवारी सतरावा अर्ज दिला. परतताना दरडीपाशी गाडी थांबली, तिथून आम्ही चालत आलो. मोईनं विचारलं, "पुढच्या सोमवारी सांगतील?"

"विचारू," मी म्हणाले.