करंजदांड्याचं टोक

मी नकाशा बोलतोय. भिंतीवर टांगतात तो कागदी नव्हे, मी उठावाचा नकाशा. प्लायवूडवर शाडू आणि कागदाचा लगदा थापून मला घडवलंय. माझ्या अंगावर अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा आहे. उजवीकडे सह्याद्री, त्यातून उतरणारे घाट, मग तांबड्या कातळाचे सपाट सडे, आणि डावीकडे निळ्या रंगाचा समुद्र. जिल्हा कोकणातला, पण माझा जन्म कोल्हापूरचा आणि मुक्कामही तिथलाच.

स्वभावानं मी संशयी आहे. माणूस नकाशाजवळ आला की त्याचं बोट पुढं येतंच. कुणी डोंगर दाबून बघतो, कुणी नखानं समुद्र खरवडतो. शाळेत होतो तेव्हा एक दीपस्तंभ कुणीतरी खिशात घालून नेला, तो आजवर मिळालेला नाही. तेव्हापासून मी कुणावरच विश्वास टाकत नाही.

अपवाद एकच, मला घडवणारे त्र्यंबक सर. भूगोलाचे शिक्षक. त्यांचा हात ठाम. एकदा ठेवलेली टेकडी पुन्हा हलली नाही. गावांची घरं म्हणून त्यांनी तांदळाचे दाणे लाल रंगवून एकेक चिकटवले. दरवर्षी पोरांची सहल किनाऱ्यावर न्यायचे आणि येताना रुमालात वाळू बांधून आणायचे, माझ्या किनाऱ्याला लावायला.

शाळेत भूगोलाच्या खोलीत संगणक आले आणि सरांनी मला टेम्पोत घालून मंगळवार पेठेतल्या घरी आणलं. बाहेरच्या खोलीत टेबलावर माझी सोय झाली. धूळ बसू नये म्हणून विमलाबाई, सरांच्या पत्नी, दिवसभर माझ्यावर जुनी चादर टाकून ठेवायच्या. पाहुणा आला की सर ती काढायचे आणि सुरू व्हायचे.

"हा घाट बघा. इथून बैलांच्या पाठीवर मीठ वर यायचं आणि आपला गूळ खाली जायचा. हा पाण्यातला किल्ला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. आणि ही मच्छीमारांची वाडी, करंजदांडा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे वाळूची जीभ. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढायचं झालं की सगळी वाडी दोराला लागते. म्हातारीसुद्धा."

पाहुणा चहा संपवून उठेपर्यंत सर बोलत राहायचे. त्यांना कुणी कधी अडवलं नाही.

मग भैरवी आली.

मुलगा पुण्यात स्थायिक झाल्यामुळं घरातली एक खोली रिकामी होती. तिथं राहायला आलेली ही नर्सिंगची विद्यार्थिनी. गाव विचारल्यावर तिनं करंजदांडा सांगितलं आणि सरांनी आनंदानं माझी चादर ओढली. भैरवी माझ्यावर वाकली. वाडी लगेच सापडली तिला. टोकावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "सर, खाडीचा तोंड आता हयसून नाय. सरकला. ही टोकाची घरां गेली."

"सर्व्हेच्या नकाशावरून काढलंय मी हे," सर म्हणाले. "खाडी म्हणजे काय उंबऱ्यावरचं पायपुसणं आहे, इकडून तिकडं सरकायला?"

भैरवी ओशाळली. "तसा नाय, सर. मी आपला बघितलेला सांगितलंय."

सरांनी चादर टाकली. त्या दिवशी गूळ-मिठाची गोष्ट झाली नाही.

पुढच्या आठवड्यात विमलाबाईंना केर काढताना टेबलाखाली लाल तांदूळ सापडले. त्यांनी चादर उचलून बघितली. करंजदांड्याच्या टोकाची काही घरं जागेवर नव्हती. पुन्हा काही दिवसांनी तेच. मग वाळूची जीभच टोकाला खरवडलेली निघाली.

तो हात मी ओळखू शकलो नाही. भर दुपारी चादर एका कोपऱ्यातून थोडी उचलली जायची आणि ब्लेडचं पातं आत यायचं. हात थरथरायचा. एक दाणा काढायला कितीतरी वेळ, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की चटकन बाहेर. चोराचाच हात. चादरीमुळं मला चेहरा दिसायचा नाही, पण माझा संशय पक्का झाला होता. आल्या दिवशी मला खोटं कुणी म्हटलं होतं? दवाखान्याच्या कामासाठी ब्लेड कुणाच्या पिशवीत असायचं?

विमलाबाईंचंही तेच ठरलं होतं. खालच्या मजल्यावरच्या राजमतीवहिनींनी त्यात भर घातली.

"तुमच्या घरात आधी कधी असं झालतं का?"

"न्हाय."

"मग? नवीन माणूस घरात कोण हाय? आज नकाशा कोरती, उद्या कपाट कोरंल. मला काय करायचंय म्हणा, पण सांगून ठेवते."

त्या दिवसापासून कपाटाची किल्ली विमलाबाईंच्या कमरेला गेली. भैरवी स्वयंपाकघरात आली की त्या पाठोपाठ जायच्या. ती माझ्याजवळ उभी राहिली की पडद्याआडून बघायच्या. पोरीच्या ते लक्षात येत होतं. ती जेवायला उशिरा यायला लागली आणि ताट धुऊन मुकाट खोलीत जायला लागली. मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, चोर सापडत आलाय.

एका संध्याकाळी विमलाबाईंनी चादर बाजूला केली आणि तिला हाक मारली.

"ये इकडं. हे काय हाय?"

टोकाची आणखी दोन घरं गेली होती. भैरवीनं वाकून बघितलं. तिचे डोळे विस्फारले. मग तिनं झटकन सरांकडं बघितलं. सर खुर्चीत पेपर वाचत होते.

"मी हात नाय लावलंय, काकू."

"मग कुणी लावला? मी? का सरांनी? जन्म घातलाय त्यांनी ह्याच्यामागं. तुला न्हाय पटलं, न्हाय पटलं. पण खाल्ल्या घरात असं करतात व्हय?"

पुन्हा एकदा सरांकडं बघितलं भैरवीनं. पेपर वरच होता.

"दुसरी खोली बघ बाई," विमलाबाई म्हणाल्या. "मला घरात असं डोळ्यांत तेल घालून बसायला जमायचं न्हाय."

पोरगी आत गेली. बॅग भरायला तिला वेळ लागला नाही. बाहेर आली, विमलाबाईंच्या पाया पडली. मग सरांच्या पायाशी वाकली.

सरांनी पाय मागं घेतले.

"नको," ते म्हणाले. पेपर खाली आला. "विमल, दार लाव. ती कुठं जाणार नाही. घरं मी काढलीत."

विमलाबाईंना आधी कळलंच नाही. सरांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या समुद्रावर ठेवली. आत लाल दाणे होते आणि ब्लेडचं पातं.

"रंकाळ्यावर फिरायला जातो तिथं ही भेटायची. मी सहज विचारल्यासारखं करून विचारायचो, कुणाचं घर गेलं, पाणी कुठवर आलं. घरी येऊन तेवढं खरवडायचो."

"आणि ती सांगत हुती ते खरं हाय, हे तोंडानं म्हणायला काय झालतं?"

"जन्मभर पोरांना हाच नकाशा शिकवला गं," सर म्हणाले. "पुसून टाकावं, कुणाला कळू नये, असं वाटलं."

"आणि आत्ता ती बॅग घेऊन निघाली, तरी तुम्ही पेपर वाचताय."

विमलाबाईंनी भैरवीकडं बघितलं. "तुला कळलं हुतं. मग बोलली का न्हाईस?"

"सर बोलतील, वाटला," भैरवी म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं.

मी मात्र हादरलो ते वेगळ्याच गोष्टीनं. तो माझ्या निर्मात्याचा हात होता आणि मी तो ओळखला नव्हता. थरथरणारा, चुकलो म्हणणारा हात त्यांचा असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. संशय घ्यायला मी नेमकी ती पोरगी निवडली होती.

विमलाबाईंनी बॅग उचलून आत नेली. कपाटाची किल्ली त्या रात्री पुन्हा खिळ्याला गेली. राजमतीवहिनी चार दिवस वर फिरकल्या नाहीत. सर आणि विमलाबाई आठवडाभर एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते.

दिवाळीच्या सुट्टीत तिघं एसटीनं करंजदांड्याला गेले. परत आल्यावर सर बरेच दिवस पाहुण्यांना काही सांगत नव्हते. मग एकदा सांगायला लागले. टोकाच्या घरांची जोती ओहोटीला उघडी पडतात, त्यावर पोरं बसून गळ टाकतात. भैरवीच्या वडिलांनी होडीतून नेऊन दाखवलं, इथं सुपारीची बाग होती, इथं देऊळ, इथं माझं लग्न झालं. सगळीकडं पाणीच होतं. आता टोकाचं घर त्यांचंच आहे. दुसरीकडं जागा बघा म्हटलं तर म्हणाले, होडी कुठं लावू?

भैरवी शिकून तिकडच्याच दवाखान्यात लागली, राहते टोकाच्या त्याच घरात. मी अजून त्या टेबलावर आहे. घाटांचा रंग उडालाय, प्लायवूडला बाक आलाय. मी जुना झालो, आणि काही जागी खोटाही. तेव्हा माझ्याजवळ आलात तर खुशाल बोट ठेवा, पण माझ्यावर विसंबून कुणाला गप्प करू नका. तिथला माणूस काही सांगत असेल तर आधी त्याचं ऐका.

उधाणाच्या दिवसांत विमलाबाई सकाळी फोन लावतात. सर माझ्यापाशी येऊन उभे राहतात.

"भैरवी, पाणी कुठवर आलंय गं?"

पलीकडून काय येतं ते मला ऐकू येत नाही. विमलाबाई फोन कानाला धरून सरांकडं बघतात. "अंगणापर्यंत आलंतं म्हणती," त्या सांगतात. "मागं गेलं."

सर मान हलवतात आणि खुर्चीत बसतात.