पाण्याचं निमित्त

गावात घरोघरी नळ आले आणि धाकटी जाऊ एकटी पडली. भांडण नाही, तंटा नाही. थोरली जाऊ पलीकडच्या गल्लीत. दोघींचे नवरे गेलेले, मुलं शहराकडे. हातपंप होता तेव्हा रोज सकाळी ओट्यावर गाठ पडायची. कळशी भरायला असा कितीसा वेळ लागतो? या दोघींना अख्खी सकाळ लागायची! कुणाचं दुखतंखुपतं, कुणाकडचं धान्य संपलंय, सगळं तिथेच कळायचं आणि बायका तिथल्या तिथे निस्तरायच्या. मग नळ आले, पंप उपटून नेला, ओटा तेवढा राहिला.

तुम्ही म्हणाल, मग जावं की उठून थोरलीकडे! अहो, जाणार कशी? बिनकामाचं कुणाच्या दारात उभं राहायची या गावाची रीतच नव्हती. पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय काम काढलंस?’ आणि ‘तुमची आठवण येते’ हे काय काम झालं? तेवढं बोलायला धाकटीची जीभच रेटत नव्हती.

पण थोरलीला खोकल्याची जुनी खोड. रात्री पाठीवरून हात कोण फिरवत असेल, या विचारानं हिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनं डोकं चालवलं. अंगणातल्या नळाचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला, रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि निघाली. नळ बिघडला, पाणी द्या. झालं की काम!

ओट्यापाशी पोचते तोच समोरून थोरली येताना दिसली. किती वाळली होती! तिच्याही कमरेवर कळशी.

“अगं, तुझ्याकडेच निघाले होते,” थोरली खोकत म्हणाली. “माझ्या नळाला पाणी नाही.”

“अगंबाई! माझ्याही नाही.”

नळदुरुस्तीवाला सायकलवरून चालला होता. त्यानं ऐकलं आणि उतरला. “दोन्हीकडे नाही? चला, आत्ता बघतो.”

“काही नको!” दोघी एकदमच ओरडल्या.

तो बिचारा चाट पडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीला हसू आवरेना, हसता हसता खोकला आला. धाकटीनं कळशी खाली ठेवली, तिला ओट्यावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

“मग येऊ कधी?” नळवाल्यानं विचारलं.

“सवडीनं ये,” थोरली म्हणाली. “घाई नाही.”

तो गेल्यावर धाकटीचे डोळे भरून आले.

“जाऊबाई, मला तुमची फार आठवण येत होती हो,” ती म्हणाली.