नाही कोण म्हणणार?

कुटनीच्या डोंगरात बिल कॅनिगनचा पहिला नियम शेंबड्या पोरालाही पाठ होता: हिवाळ्यात वर गेल्यावर सोबतचा कुणीही "नाही" म्हणाला, की सगळ्यांनी मुकाट परतायचं. कारण विचारायचं नाही. अर्ध्या गावाला बर्फात फिरायला बिलनेच शिकवलेलं. फक्त तो नियम त्याने स्वतः आजवर एकदाही वापरला नव्हता, आणि त्याचा त्याला भारी ताठा होता.

आज तर होणारा जावई सोबत होता. डॅरिल सस्कॅचेवानचा, टेबलासारख्या सपाट मुलखातला. त्याच्यापुढे माघार घेणं म्हणजे लग्नाआधीच नाक कापून घेणं.

झाडी संपली, समोर मोठा उतार आला, आणि पायाखालचा बर्फ धप्प करून खचला. स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग पुढे पळाली. बिलने लगेच ओळखलं. बर्फाचा आतला थर सुटला होता. अख्खा उतार दोघांना घेऊन खाली जाऊ शकत होता. या पोरानेच नाही म्हटलं तर किती बरं होईल!

"दमलास का रे?"

"छे, काका! एकदम ताजा."

"गुडघा दुखत होता ना तुझा?"

"तो मागच्या वर्षी. आता ठणठणीत."

"घरची शेगडी बंद केलीस?"

"काका, मी तुमच्याच घरी उतरलोय."

मेला गोड बोलून जीव घेणार, बिल मनात म्हणाला. तेवढ्यात डॅरिलने उतारावर जायला एक पाय उचललासुद्धा. बिलला लेक आठवली.

"नाही!" तो ओरडला. "मी नाही म्हणतोय!"

डॅरिल तिथेच मटकन बसला. "सुटलो! गाडीतून उतरल्यापासून मला परत जायचं होतं. वाटलं, नाही म्हटलं तर तुम्ही लग्नच मोडाल."

"मग मघाशी गुडघ्याच्या नावाने बोंब मारायला काय झालं होतं, गाढवा?"

"तुम्हाला काय झालं होतं, काका?"

बिलने स्की वळवल्या आणि तो खाली निघाला.

संध्याकाळी जेवताना बातमी आली. शेजारची दोन टारगट पोरं त्याच उतारावरून गाणी म्हणत खाली आली होती, आणि तिथलं ढेकूळसुद्धा हललं नव्हतं. बिलचा चमचा हवेतच राहिला. एवढा मोठा डोंगर, जरासा कोसळला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

"हसतायत का लोक?" बायकोने, पॉलीने, विचारलं.

"पोट धरून हसतायत."

पॉलीने दोघांचे ओले बूट शेगडीजवळ नीट मांडले आणि स्वतःला दुसऱ्यांदा बोर्श्त, बीटचं सूप, वाढून घेतलं.

"हसू देत. लग्न झाल्यापासून तू वर गेलास की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, बिल. तू वर गेलेल्या दिवशी गरम बोर्श्त मी आज पहिल्यांदा खातेय."

बिलने पाव तिच्याकडे सरकवला.