दोन दारांचं एकच फोल्डर

निपाणीत आमच्या स्टुडिओसारखे अल्बम कुणी करत नाही. मालकीण आहे म्हणून म्हणत नाही. पार बेळगावच्या कॅम्पातून, त्याच्याही पलीकडच्या मच्छे गावाहून माणसं येतात, म्हणून म्हणते. मी चौथीत शाळा सोडली, पण दुकान मी उभं केलंय आणि त्यातला शेवटचा शब्द माझाच.

दुकानात कॉम्प्युटर एक, पण त्याच्या पोटात संसार दोन. सुरू करताना तो विचारतो, कुठल्या घरात जायचं. एक घर माझ्या पोराचं, दीपंकरचं. तो त्यात मराठी अल्बम बांधतो. दुसरं सुनेचं, उपासनाचं. ती त्यात व्हिडिओ जोडते आणि कन्नड मजकूर घालते. लग्नाच्या फोटोंचं फोल्डर मात्र दोन्ही घरांत दिसतं. ती सोय तिचीच.

आता आमच्या भागात सगळंच दोनदा असतं. पत्रिका कन्नड एक, मराठी एक. पाटी तशीच. त्यामुळं दीपंकरनं धरून चाललं, फोटोही दोनदा आहेत.

उपासना माहेरी गुंजीला गेलती. मच्छ्याचे परशराम लेकीच्या लग्नाचे फोटो निवडायला येणार होते. त्यांची म्हातारी आई त्या लग्नात नातीला हळद लावताना हसलीय, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. तिचा तेवढाच फोटो. कॅमेऱ्याचं कार्ड तर पुढच्या लग्नाला वापरून झालतं. आणि नेमकी त्या दिवशी मशीन म्हणायला लागली, जागा नाही.

"तिच्यातली कन्नड प्रत काढून टाकतो," दीपंकर म्हणाला. "माझ्यात मराठी हायच की."

"तिला इचारलंस?"

"फोन लागत न्हाय. आणि फोटोला काय इचारायचं गं आई?"

तिच्या घरात शिरला, फोल्डर उघडलं, सगळे फोटो निवडले आणि डिलीट दाबलं. तरी जागा होईना. म्हणाला, आता कचऱ्याची पेटी रिकामी करतो.

तिथं मी हात धरला. माझी तरणी वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली. झाडलेलं चाळल्याशिवाय बाहेर गेलं तर मुकादमीण दारातूनच घरी धाडायची, कारण त्या धुळीतसुद्धा माल असायचा.

"केर तिच्या घरातला हाय, तीच चाळंल," मी म्हणाले. "तवर तू आपल्या घरात जाऊन कामाला लाग."

तोंड वाकडं करून तो आपल्या घरात गेला. फोल्डर उघडलं, तर ते रिकामं.

मी फोन त्याच्यापुढं सरकवला. "फोन लाव. लागस्तवर लाव."

लागला एकदाचा. उपासनानं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, प्रती दोन कुठल्या? फोटो तिसऱ्याच जागी हाईत. तुमच्याकडं आणि माझ्याकडं मी नुसती लिंक ठेवलीया. दारं दोन, खोली एक. दार काढलं असतं तर काय बिघडलं नसतं. तुम्ही आत शिरून सामानच बाहेर काढलंय."

"मग आता?"

"पेटी रिकामी केली काय?"

"आईनं करू दिली न्हाय."

"आत्ती हाईत म्हणून दुकान हाय," ती म्हणाली. आत्ती म्हणजे तिची सासू, मी. हे मी मध्ये घातलेलं नाही, दीपंकरला विचारा. "माझ्या घरात जावा, पेटी उघडा, सगळं निवडा आणि जागेवर परत धाडा."

फोटो एकेक करून परत आले. हळदीनं माखलेल्या बोटांची म्हातारी पडद्यावर हसताना दिसली, तेव्हा कुठं दीपंकर खुर्चीला टेकला.

परशराम आले ते त्या एका फोटोपाशीच थांबले. बाकीचे त्यांनी नीट बघितलेही नाहीत.

"आक्का, ह्यो मोठा करून द्या. आणि एक प्रत तुमच्यापाशी पण असू द्या. आमच्या घरात कायबी हरवतंय."

दीपंकरनं माझ्याकडं बघितलं.

"असंल की," मी म्हणाले. "वेगळी डिस्क आणायला त्यो आत्ताच निघालाय."

तो उठला आणि निघाला.