तळटिपांची पुस्तिका आणि धोंडाबाई

मी चोवीस पानांची पुस्तिका बोलतेय. प्रबंध कसा लिहावा, समास किती सोडावा, तळटीप कशी द्यावी, हे सारं माझ्या पोटात आहे. माझ्याइतकं काटेकोर कुणी नाही, असं मला वाटायचं. हल्ली मात्र माझा स्वतःवरच भरवसा राहिलेला नाही.

माझा जन्म १९५७ सालचा, पुण्यातल्या एका छापखान्यातला. कोळवणच्या शाळेतले हैबतराव गुरुजी मला एसटीनं घरी घेऊन आले. मुळशीकडच्या भातलावणीच्या चालीरीतींवर ते एम.ए.चा प्रबंध लिहीत होते. पदवी मिळाली तर हायस्कुलात नेमणूक होणार होती. मला ते उशाशी घेऊन झोपत. मी जरा फुशारलेच.

माझा सातवा नियम असा, की आधाराशिवाय विधान करू नये. तळटिपेत लेखकाचं पूर्ण नाव, ग्रंथ, गाव, साल आणि पान द्यावं. एकही जागा रिकामी सोडू नये.

आता गुरुजींचा आधार कोण, तर गावातल्या धोंडाबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती. लावणीत भातरोपांची पहिली मूठ आपल्या खाचरात लावायची नाही, ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं त्यांच्या खाचरात लावायची, ही चाल त्यांनीच गुरुजींना सांगितली होती. गुरुजी मला घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"धोंडाबाई, पूर्ण नाव सांगा. मधलंही लागतं."

"मालकांचं नाव म्या कसं घ्यू?" त्यांनी जावेला हाक मारली. "लीले, तू सांग."

"थोरल्या दिराचं व्हय? मला न्हाई जमायचं," लीलाबाई आतूनच म्हणाल्या.

"बरं, ही चाल कुठल्या गावची?"

"माझ्या सासूच्या म्हायेरची. त्ये गाव धरणात गेलं."

"साल?"

"धरणाच्या अदुगर. लई अदुगर."

पान विचारायचं धैर्य गुरुजींना झालं नाही.

नाव पुढे तलाठ्याकडून मिळालं. बाकीच्या रिकाम्या जागा गुरुजींनी मनानंच भरल्या. धोंडाबाई लेखिका झाल्या, त्यांच्या नावावर एक ग्रंथ झाला, साल १९२१, पान बारा. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी. मी खूश होते. खोटं कसं ओळखावं, याचा नियम माझ्यात नाही.

सहा महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. असा ग्रंथ कुठल्याच ग्रंथालयात नाही, तो दाखवावा. गुरुजींनी पुण्याला जाऊन सगळं कबूल केलं.

"ते प्रकरण काढून टाका, मग बघू," परीक्षक म्हणाले. "ऐकीव गोष्टीला आधार म्हणत नाहीत."

गुरुजींनी प्रकरण काढलं. शरमेनं ती पानं बंबात घातली. पदवी मिळाली.

बांधलेला प्रबंध घरी आल्याचं कळताच धोंडाबाई आल्या. "माझं वाचून दावा की," म्हणाल्या.

गुरुजींनी प्रबंध उघडला. त्यात धोंडाबाई कुठंच नव्हत्या. तरी पानं उलटत त्यांनी ती मुठीची चाल तोंडपाठ म्हणून दाखवली, मधे त्यांचं नावही घेतलं. मला काही समजेना. ती तळटीप खोटी होती, मग हे काय होतं? आणि हेही खोटंच असेल, तर ते थांबू नये असं मला का वाटत होतं?

"मूठ लावली की मागं बगायचं न्हाई," धोंडाबाई मधेच म्हणाल्या. "त्ये ऱ्हायलं बगा. लिवून घ्या."

गुरुजींनी हाताला लागेल तो कागद ओढला. तो कागद म्हणजे मीच. माझ्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं ते लिहून घेतलं.

धोंडाबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली. गुरुजी हायस्कुलात शिकवतात, मी त्यांच्या फळीवर पडून असते. धोंडाबाईंचं तेवढं एकच वाक्य कुठंतरी लिहिलेलं उरलंय, तेही माझ्या अंगावर. खाली नाव नाही, गाव नाही, साल नाही. माझ्या नियमाप्रमाणे ते खोडायला हवं. पण तुम्ही कधी मला हातात घेतलंत, तर बोटं जरा जपून ठेवा. पेन्सिलीचं लिहिलेलं लवकर पुसतं.