माझ्या पोटातला आरसा

मी कॅमेरा बोलतोय. जुना, जाडजूड, पोटात आरसा बाळगणारा. दुकानात मला डीएसएलआर म्हणतात, मावशी मला ठोकळा म्हणते. अडगळीत पडलेल्या वस्तूचं रडगाणं ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यानं खुशाल उठावं. मी अजून कामावर जातो. कामाचं स्वरूप तेवढं बदललंय. ते का आणि कसं, एवढंच सांगायचंय.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, नुसते डोळे उघडे. त्यातल्या एका बाईनं श्वास रोखून माझ्या पोटात आरसा बसवला. मग कुणीतरी बटण दाबलं, आरसा वर उडाला आणि पहिल्यांदा माझ्यात उजेड आला. समोरच्या तक्त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या. बस. मला वाटलं, जग म्हणजे एवढंच. त्यानंतर खोक्यात जो लांबलचक अंधार मिळाला, त्यात मी त्या रेघांचीच स्वप्नं पाहिली.

खोकं उघडलं तेव्हा आधी दुकानदाराचा आवाज ऐकला.

"हा जड होईल हो तुम्हाला. छोटा दाखवू? हलकाफुलका, खास लेडीजसाठी."

"भरलेला सिलिंडर एकटी सरकवते मी," एक बाई म्हणाली. "आणि लेडीजसाठी म्हणजे काय? त्यातून फक्त बायकाच दिसतात का?"

दुकानदारानं पावती फाडली. ती बाई म्हणजे मावशी. तिच्या सख्ख्या भाचीची तर ती मावशी आहेच, पण दातांच्या डॉक्टरपासून पोस्टमनपर्यंत सगळेच तिला मावशी म्हणतात.

तिचा स्टुडिओ म्हणजे जिना चढून गेल्यावरची एक खोली. एक मोठी खिडकी, तिला पांढरा पडदा, पडद्यासमोर एक खुर्ची. तिला हे काम कुणी शिकवलं नाही. माझ्यासोबत आलेली पुस्तिका तिनं उघडलीसुद्धा नाही. एकेक बटण दाबून, चुकून, स्वतःलाच शिव्या घालून ती शिकली. म्हणून तिचं ज्ञान पक्कं, आणि जीभ त्याहून पक्की.

आता आरशाचं सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

समोरचा उजेड भिंगातून आत येतो, आरशावर आदळून वर वळतो आणि मावशीच्या डोळ्यात उतरतो. तेव्हा तिला सगळं दिसतं आणि मी आत अंधारात असतो. तिनं बटण दाबलं की आरसा खटॅककन वर उडतो आणि उजेड माझ्यावर पडतो. तेवढ्यापुरता तिच्यापुढे काळोख. म्हणजे तिला दिसतं तेव्हा मला दिसत नाही, मला दिसतं तेव्हा तिला दिसत नाही. तिनं काढलेल्या एकाही फोटोचा नेमका क्षण तिनं स्वतः पाहिलेला नाही. तो मी पाहिला. आणि दोन फोटोंच्या मधलं सगळं जग तिनं एकटीनं पाहिलं. कारखान्यातल्या दोन पाळ्यांचे कामगार एकाच खाटेवर आळीपाळीनं झोपतात ना, तसा आमचा संसार.

त्यामुळे माझ्याकडे जग आहे ते तुकड्यातुकड्यांनी, पहाटेच्या स्वप्नासारखं. कानामागे निळा ठिपका राहून गेलेला रंगारी. दात पडल्यावर पहिल्यांदा तोंड उघडून हसलेली मुलगी. जिन्यात भांडून आलेलं आणि खुर्चीपाशी एकमेकांची कॉलर नीट करणारं जोडपं. ते कुठून आले, पुढे कुठे गेले, मला ठाऊक नाही. उजेड आला, चेहरा तरंगला, अंधार झाला. मधलं जे सांगतोय, ते आवाजांवरून आणि माणसांच्या बोलण्यावरून जुळवलेलं.

मग फोटो हलकेच धूसर यायला लागले.

मावशी फोकस हातानं करायची. माझ्याकडे आपोआप होणारा फोकस आहे, पण तिला तो चालत नसे. "दुसऱ्यानं भरवलेला घास," ती म्हणायची. आणि खरं सांगायचं तर माझा तो जुना फोकस माणसाचा डोळा सोडून कधी नाक धरतो, कधी कान. माझ्या मागच्या खिडकीला, जिथे ती डोळा लावते तिथे, चष्म्याच्या नंबरासारखं एक बारीक चाक आहे. ते ती फिरवू लागली. एक खाच, मग आणखी एक, आणि एके दिवशी चाक अडलं. पुढे जायला जागाच उरली नव्हती.

मला तेव्हाच कळलं. ती मात्र म्हणाली, "ठोकळ्याचं डोकं फिरलंय," आणि मला दुरुस्तीला नेलं.

दुरुस्तीवाल्यानं मला तिपाईवर बसवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो काढले. छापखान्याचं बारीक नावसुद्धा सुईसारखं उमटलं. त्यानं मला मऊ फडक्यानं पुसलं.

"साफ करून दिलाय, मावशी. आता कुरकुर करणार नाही." मग म्हणाला, "चष्म्याचा नंबर कधी तपासला होता?"

"तू कॅमेऱ्यांचा डॉक्टर ना? मग कॅमेऱ्यापुरतं बोल."

मी पिशवीत बसून घरी आलो. आळ माझ्यावर तसाच राहिला.

अशात अक्काचं जायचं ठरलं. अक्का म्हणजे मावशीची थोरली बहीण. ती मुलाकडे राहायला निघाली होती, लांबच्या शहरात, कायमची. आख्ख्या वस्तीचे फोटो मावशीनं काढले, पण सख्ख्या बहिणीचा एक धड फोटो नाही. कारण भिंगासमोर आली की अक्का श्वास कोंडून घ्यायची. प्रत्येक फोटोत ती हेडमास्तरांनी बोलावून घेतल्यासारखी.

"जाण्याआधी एक फोटो हवा मला," मावशी म्हणाली. "भिंतीवर लावायला."

"भिंतीवर कशाला? तिथूनही तुझ्यावर डोळे वटारू?"

"वटारलेले ढीगभर आहेत माझ्याकडे. न वटारलेला हवाय."

अक्काची मुलगी म्हणजे छकुली. तिशी उलटली, तरी घरात छकुलीच. मावशीच्या स्टुडिओतलं संगणकाचं सगळं काम ती बघते, म्हणजे धूसर फोटो तिनं केव्हाच पाहिले होते. तोंडानं काही न बोलता तिनं मैत्रिणीचा नवा कॅमेरा मागून आणला आणि माझ्याशेजारी ठेवला. मिररलेस. पोटात आरसाच नाही.

"आईचा फोटो याच्यावर काढून बघ, मावशी. हा माणसाचा डोळा स्वतः शोधतो आणि सोडत नाही."

"पोलीस आहे का तो?"

त्या दुपारी टेबलावर आम्ही दोघंच होतो. पडदा हलत होता, खोलीत दुधी उजेड पसरला होता. मी त्याला विचारलं, "बाबा रे, तुला अंधार कधी असतो?"

"बंद केल्यावर," तो म्हणाला. "चालू असलो की मी सतत बघत असतो. जे बघतो तेच तिला छोट्या पडद्यावर दाखवतो."

"म्हणजे तू आणि ती दोघंही एकदमच बघता?"

"हो. म्हणून माझी बॅटरी लवकर उतरते."

मला त्याची दया आली आणि हेवाही वाटला. सतत जागं राहायचं म्हणजे स्वप्न कधी पडणार?

दुसऱ्या दिवशी अक्का खुर्चीवर बसली, हात मांडीवर, मान ताठ. मावशीनं नवा उचलला. खोलीत चिडीचूप.

"काढला का?" अक्का.

"काढले की. पाच-सहा निघाले."

"कधी? मला कळलं कसं नाही?"

"आवाज होत नाही याचा. तू सैल बस ना जरा."

"सैलच बसलेय. आता काढलास का?"

छकुलीनं सेटिंगमध्ये जाऊन खोटा आवाज लावून दिला. टुंग!

"हे काय, लिफ्ट आली का?" अक्का म्हणाली आणि पुन्हा ताठ झाली.

इथे मावशीची रीत सांगायला हवी. तिचा पहिला फोटो फसवा असतो. माझा खटॅक ऐकला की माणसाला वाटतं, झालं एकदाचं. खांदे खाली येतात, तोंडावरची इस्त्री मोडते, खरा माणूस बाहेर येतो. त्या घडीला ती दुसऱ्यांदा दाबते. तिचे सगळे नावाजलेले फोटो हे दुसरे फोटो आहेत. आणि नव्याला तर 'झालं' हे सांगताच येत नव्हतं. अक्का वाट बघत राहिली, आणि वाट बघणारी अक्काच फोटोत आली. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतकी स्पष्ट, आणि जशीच्या तशी कोंडलेली.

"ठेव तो पोलीस," मावशी म्हणाली आणि मला उचललं.

खटॅक. अक्कानं श्वास सोडला. खटॅक. मी पाहिलं: ओठ सुटलेले, भुवई किंचित वर, धाकट्या बहिणीला चिडवायच्या बेतात असलेली मुलगी तिच्या म्हाताऱ्या चेहऱ्यात बसली होती. मला वाटलं, जमलं!

छकुलीनं माझ्यातलं कार्ड काढून संगणकाला लावलं. मोठ्या पडद्यावर अक्का आली. चेहरा हवा तोच होता. पण कानातली कुडी लख्ख आणि डोळे धुक्यात.



"मी काढू का?" छकुलीनं हळूच विचारलं.

"कधी दाबायचं ते कळेल तुला?"

छकुली खोटं बोलत नाही. "नाही," ती म्हणाली.

मावशी पडद्याच्या अगदी जवळ गेली, मग मान तिरकी करून कडेनं पाहू लागली. "ठोकळ्याचा दोष नाहीये," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरनं मागेच सांगितलं होतं. माझ्या नजरेचा मधला भाग झिजलाय. गेलेला परत येत नाही, उरलेला सांभाळायचा. मधोमध बघायला गेलं की डाग."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?" अक्का उसळली.

"काय बोलू? फोटोवालीला दिसत नाही म्हणून? दुकान बंद कर म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! आणि तू ऐकलं असतंस वाटतं? आजवर माझं एक तरी ऐकलंयस?"

एवढं बोलून अक्का तरातरा खुर्चीवर जाऊन बसली. "चल. तुझं काय ते ठरेस्तोवर मी बसलेय."

मावशी टेबलापाशी आली. तिचा हात माझ्यावर होता, मग नव्यावर गेला, मग पुन्हा माझ्यावर. मला वाटलं, मलाच उचलेल. तिनं त्याला उचललं.

"छकुली, तू ठोकळा घे आणि माझ्याशेजारी उभी राहा. मी कोपर मारलं की वाजव."

"कार्ड बाहेर आहे ना त्याचं. आधी घालते."

"कशाला? फोटो थोडाच काढायचाय त्याला."

लागलं मला. कुणाला लागणार नाही? छकुलीनं कार्डाशिवायही बटण चालेल अशी माझी सोय केली आणि मला डोळ्याला लावलं. मावशीनं नवा डोळ्याला लावला. त्यानं अक्काचा डोळा शोधला आणि सोडला नाही.

खटॅक!

"झाला?" अक्कानं श्वास सोडला. "अगं, घरी गॅस बंद केला होता का मी?"

त्या वाक्याच्या मध्येच कुठेतरी, आवाज न करता, नव्यानं तिला टिपलं.

पडद्यावर फोटो आला तेव्हा छकुली नुसती "आई गं" म्हणाली. अक्का पुढे वाकली. "ही मी? बरी दिसते की. इतकी वर्षं कुठे होते मी?"

"श्वास कोंडून बसली होतीस," मावशी म्हणाली.

मावशीनं स्वतःसाठी तसाच नवा घेतला. स्टुडिओ चालू आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की छकुली मला घेऊन उभी राहते, मी वाजतो आणि फोटो तो काढतो. लोक मावशीला विचारतात, आरशाचा घ्यावा की बिनआरशाचा? ती म्हणते, "तुमच्यात काय कमी आहे ते आधी बघा, मग कॅमेऱ्यात बघा." माझंही तेच म्हणणं. नजर धड असेल, मनगट भक्कम असेल, तर माझ्यासारखा जुना अजून पुष्कळ वर्षं साथ देईल. नसेल तर नवा घ्या, त्यात लाज कसली? जुन्याला मात्र पिशवीत कोंडून ठेवू नका. तो काय कामाला येईल, ते तुम्हाला आज सांगता येणार नाही.

सुरुवातीला असं कार्डाशिवाय, रिकाम्या पोटी वाजायला कसंसंच व्हायचं. आता सवय झाली. आरसा उडतो, उजेड येतो, चेहरा तरंगतो आणि विरून जातो. काही साठवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. एवढं निवांत मी कधीच पाहिलं नव्हतं.

अक्का निघाली त्या दिवशीची गोष्ट राहिली. बॅगा खाली गाडीत गेल्या होत्या. ती पुन्हा वर आली आणि तिनं टेबलावरून मला उचललं.

"बाई गं, केवढा जड! हा घेऊन फिरलीस इतकी वर्षं? उभी राहा तिथे. आज मी काढते."

"आई, अगं त्यात कार्ड..." छकुली सुरू झाली.

"तू गप," मावशी म्हणाली. "काढू दे तिला."

खटॅक.

मावशी कायम माझ्या मागे. तिचा श्वास, तिच्या शिव्या, खिडकीच्या काचेला लागणारी तिची पापणी, सगळं मला पाठ. तोंड मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले, कुणी भांडायला आलंच तर तयार.

"झाला हं," अक्का म्हणाली, पण डोळा काही हटवला नाही. मावशीचे खांदे खाली आले. आणि त्या लबाड थोरलीनं पुन्हा दाबलं.

"नीट आला का गं?"

"एकदम नीट," मावशी म्हणाली. "हात चांगला आहे तुझा."

अक्का जिना उतरली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मावशी खिडकीपाशी जाऊन मान तिरकी करून उभी राहिली असणार. मला आता दिसत नव्हतं.

तो दुसरा फोटो कुणीच पाहणार नाही. त्यात फोकस होता की नव्हता, यावरून कुणाचं भांडणही होणार नाही. पण पाहिला मी. कुणी भांडायला आलं नव्हतं आणि तिला ते कळलं होतं, असा चेहरा होता.

बरं, येतो मी. खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलंय आणि छकुली मला शोधतेय.